ढोरकड्यावरचा तिसरा दोर

गिधाडाच्या एका पिल्लाच्या पायात अडकलेला मांजा कापायचा, एवढ्यासाठी आम्ही चौघं मार्चच्या पहिल्या आठवड्यात ढोरकड्यावर गेलो होतो. ऐकायला काम लहान आहे. पण ते पिल्लू बसलं होतं साडेतीनशे फुटांच्या उभ्या कड्याच्या मधोमध, आणि त्याच्या हाताशी फार तर आठवडाभराचा वेळ उरला होता.

पेठ तालुक्याच्या पश्चिमेला, करंजमाळ नावाच्या पाड्याच्या डोक्यावर हा कडा उभा आहे. गावातली मेलेली जनावरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पायथ्याशी टाकली जातात, म्हणून तो ढोरकडा. त्या जनावरांवरच इथली गिधाडं तगून राहिली. मी त्या भागातला सरकारी पशुवैद्य, प्रफुल्ल दोंदे. वय अठ्ठेचाळीस, वजन ब्याण्णव किलो. अडलेली गाय मोकळी करायला मी अर्ध्या रात्री डोंगर चढून जातो, पण माळ्यावरच्या शिडीची पाचवी पायरी आली की मी परत खाली उतरतो.

पिल्लू पहिल्यांदा हेरलं ते सरिता भुसारेने. ती करंजमाळचीच मुलगी, दोन वर्षांपूर्वी वनरक्षक म्हणून लागली. दर सोमवारी समोरच्या टेकडीवर बसून ती दुर्बिणीने कड्यावरची घरटी मोजते. एका सोमवारी तिला दिसलं, की एक मोठं झालेलं पिल्लू पंख फडफडवत कपारीच्या तोंडाशी येतं, आणि डावा पाय मागे खेचला जाऊन तोंडावर आपटतं. काटक्यांबरोबर कुठूनसा आलेला नायलॉनचा मांजा! त्याचे वेढे पायात रुतले होते आणि दुसरं टोक खडकातल्या एका मुळीला घट्ट अडकलं होतं. पिल्लाचे पंख आता पुरे झाले होते. एखाद्या सकाळी ते झेप घेणार, आणि मांजाला उलटं लटकून कड्यावर तडफडत मरणार, हे सांगायला पशुवैद्य लागत नव्हता.

वनखात्याने नाशिकहून स्नेहा गांगुर्डेंना बोलावलं. ओझरकडे विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासनीस होत्या. केसाच्या जाडीएवढा फरक सापडला तरी भाग नापास करायचा, हे त्यांचं रोजचं काम. सुट्टीच्या दिवशी मात्र पंधरा वर्षं त्या नाशिकचे कडे चढत उतरत आल्या होत्या. मोहिमेच्या प्रमुख त्याच. पहिल्या भेटीतच त्यांनी आमच्यापुढे एक कागद ठेवला. बेचाळीस कलमं, आणि कागद पावसापाण्यात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बंद केलेला. मॅडम स्वतः दोरावरून उतरणार, पिल्लू एका खास बनवलेल्या खोक्यात घालणार, खोकं वर ओढून घ्यायचं, मी कड्याच्या माथ्यावर बसून पायावर उपचार करायचे आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू परत जागेवर. प्रत्येक मिनिटाचा हिशोब त्यात होता. मला तो कागद फार आवडला, कारण त्यात मला कड्याच्या काठापासून वीस फूट दूर बसायचं होतं.

चौथे होते सहादू गावित. साठी उलटलेले, काटक, आयुष्यभर कड्यांवरचा मध काढत आलेले. त्यांना आम्ही ओझी वाहायला घेतलं होतं.

करंजमाळातून सकाळी सहाला निघालो. नागलीची भाकरी आणि ठेचा बांधून घेतलेला. पानगळीचं रान होतं, पायाखाली सागाची पानं कुरकुरत होती आणि वर कुठेकुठे पळस पेटलेला. साडेनऊच्या सुमारास माथ्याखालच्या घळीत शिरलो. तिथे मोहिमेची पहिली घडी विस्कटली.

सरिताच्या पायाखालून एक दगड सुटला. तिने ओरडून आम्हाला सावध केलं, आम्ही भिंतीला चिकटलो. दगड आमच्या मधून गेला आणि खाली टेकवून ठेवलेल्या दोराच्या पिशवीवर धाडकन आदळला! माणसाला खरचटलंही नाही. पण मॅडमनी तिथेच बसकण मारली, तीनशे फुटांचा मुख्य दोर पिशवीतून काढला आणि इंच-इंच बोटांतून ओढून तपासायला लागल्या. शंभर फुटांवर त्यांचं बोट थांबलं. आतला गाभा ठेचला गेला होता.

त्यांनी चाकू काढला आणि दोर तिथेच कापला. एक तुकडा शंभर फुटांचा, दुसरा दोनशेचा. जोडीचा जीवरक्षक दोर, मुख्य दोर तुटलाच तर माणसाला धरणारा, तेवढा शाबूत होता. पण माथ्यावरचं ज्याला दोर बांधता येईल असं एकुलतं झाड काठापासून साठ फूट आत, आणि पिल्लाची कपार काठाखाली दीडशे फूट. दोनशेचा दोर पुरणार नव्हता. दोन तुकडे गाठ मारून जोडले तर खोकं वर ओढताना ती गाठ कप्पीत अडकणार होती.

सरिता रडवेली झाली. चूक तिची नव्हती, घळीतले सगळेच दगड सुटे होते, तरी ती पुन्हापुन्हा माफी मागत राहिली. मॅडम बराच वेळ हातातल्या कागदाकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता परत फिरायचं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

त्यांनी कागद पाठीवरच्या पिशवीत ठेवून दिला. मग सरिताला म्हणाल्या, "काय गेलं ते आपल्याला कळलं. आता आपल्याकडे काय काय आहे ते प्रत्येकाने सांगायचं. सहादूबाबा, तुमच्यापासून सुरू करू."

सहादूबाबा गडबडले. मग त्यांनी सांगितलं. कड्याच्या उत्तर अंगाने मध काढणाऱ्यांची एक जुनी वाट होती. हातभर रुंद, पण सलग. ती काठाखाली सत्तर फुटांवर एका ओट्यावर उतरत होती, ओट्यावर खडकात रुजलेला जाड बुंध्याचा उंबर होता, आणि तिथून पिल्लाची कपार खाली जेमतेम ऐंशी फूट.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मला कोनी इचारलंच नाय," ते शांतपणे म्हणाले. "कागुद आधीच तयार व्हता."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण त्यांनी मान हलवली आणि आता वाटेवर पुढे तुम्ही चाला, असं बाबांना सांगितलं.

ती वाट मी कशी पार केली ते मला नीट आठवत नाही. डाव्या गालाला खडक, उजव्या बाजूला नुसती हवा. सहादूबाबांनी मला त्यांच्या पाठीवरच्या घोंगडीकडेच बघत चालायला सांगितलं होतं. त्या घोंगडीचा प्रत्येक धागा मला पाठ झाला. वीस मिनिटांनी उंबराच्या मुळांवर मी अक्षरशः चार पायांवर पोहोचलो.

ओटा बैलगाडी उभी राहील एवढा लांबट होता. दोनशेचा दोर उंबराला बांधला. मॅडम कमरेला खोकं अडकवून ओट्याच्या मध्यावरून खाली उतरायला लागल्या. पंधरा फूट उतरल्या असतील. सहादूबाबा ओट्यावर पालथे पडून खाली डोकावले आणि एकदम हाताने थांबायची खूण करू लागले. ओट्याच्या पोटाखाली, खडकाच्या सावलीत, आग्या मोहोळाची तीन मोठी पोळी लटकत होती!

उशीर झाला होता. दोर खडकावर घासला, मूठभर माती सुटली आणि मधल्या पोळ्यावर पडली.

आधी आवाज आला. लांबून ट्रक यावा तसा. मग काळा लोट उठला. मॅडमनी दोन्ही हातांनी दोर चढायला सुरुवात केली. आम्ही तिघांनी जीव खाऊन ओढलं. खोक्याचं ओझं त्यांना वर येऊ देईना. त्यांनी कमरेची कडी सोडली. खोकं गेलं! खाली खोलवर ते फुटल्याचा आवाज आला तेव्हा त्या ओट्यावर पडल्या होत्या आणि सहादूबाबांनी आम्हा सगळ्यांवर घोंगडी टाकली होती. बाहेर माश्या, आत चौघांचा घाम आणि धाप. हलायचं नाही, बोलायचं नाही. अर्धा तास आम्ही तसेच पडून राहिलो.

घोंगडी काढली तेव्हा मॅडमचा एक डोळा बंद झाला होता आणि उजवा हात मनगटापासून फुगून टम्म. मी सतरा काटे उपटून काढले. प्रथमोपचाराच्या डब्यातली अ‍ॅलर्जीची गोळी दिली, श्वास आणि नाडी तासभर तपासत राहिलो. धोका टळला. पण त्या हाताने पुढचे तीन दिवस पेन धरणंही शक्य नव्हतं.

तेवढ्यात खालून पंखांची फडफड ऐकू आली. पिल्लू कपारीच्या काठावर आलं होतं. त्याने पंख पसरले, उडी घेतल्यासारखं केलं, पाय खेचला गेला आणि ते काठावरून घसरलं. क्षणभर ते खरंच लटकलं! मग चोच, पंख आणि मोकळा पाय वापरून धडपडत वर आलं आणि आत जाऊन बसलं. त्याच्याकडे आठवडाभर वेळ आहे हा माझा अंदाज चुकला होता.

दुपारी आम्ही त्याच वाटेने माथ्यावर परतलो. मधमाश्या तापल्या होत्या. आता सकाळच्या गारठ्याशिवाय त्यांच्या जवळ जाता येणार नाही, असं सहादूबाबांचं ठाम मत पडलं. माथ्यावरच्या जांभळीच्या सावलीत भाकरी खायला बसलो. मॅडम डाव्या हाताने मातीत रेघा ओढत होत्या. मग आपणहून सांगायला लागल्या. मागच्या वर्षी त्र्यंबकच्या बाजूला असंच एक पिल्लू अडकलं होतं. सगळी तयारी झाली, पण कप्पीवर एक ओरखडा होता. त्यांनी नवी मागवली. ती यायला आठ दिवस गेले.

"कप्पी उत्तम आली," त्या म्हणाल्या. "पिल्लू कड्याखाली मेलेलं सापडलं. डॉक्टर, त्या ओरखड्याने काहीही बिघडलं नसतं. मला ते तेव्हाही माहीत होतं."

 मग त्यांनी डोळे पुसले आणि विषय कामावर आणला. प्लास्टिकमधला कागद बाहेर काढून उलटा केला, मागची कोरी बाजू आमच्यापुढे ठेवली आणि सगळ्यांना बोलतं केलं. सरिताला दोरावर उतरता येत होतं. मांजा वरवरच असता तर तिने कापलाही असता. पण तो मांसात रुतला होता. तो काढायला डॉक्टरच पाहिजे होता. आणि खोकं नसल्याने पिल्लू वर आणता येत नव्हतं. म्हणजे डॉक्टरलाच खाली जावं लागणार होतं.

ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. मी म्हणालो, मला दोरावर उतरता येत नाही, आणि ब्याण्णव किलो वर ओढायला तुम्ही तिघं पुरणार नाही.

"उतरायचं नाही, नुसतं बसायचं," मॅडम म्हणाल्या. "उंबराला दोराचे तीन वेढे घातले की सरिता एकटी तुम्हाला सावकाश सोडू शकते. आणि वर ओढायचंच कशाला? कपारीखाली साठ फुटांवर गवताची माची आहे. काम झालं की तसंच खाली सोडू. माचीवरून बैलसुद्धा चालत घरी जातो, असं बाबा म्हणतात."

राहिल्या माश्या. कपार बरोबर पोळ्यांच्या खाली होती. ओट्याच्या डाव्या टोकावरून सोडलं तर पोळी चुकत होती, पण कपार उजवीकडे पंधरा फूट दूर राहत होती. तेव्हा सरिताने तो कापलेला शंभर फुटांचा तुकडा उचलला. तो डॉक्टरांच्या कमरेला बांधायचा आणि ओट्याच्या उजव्या टोकाला बसून सहादूबाबांनी त्यांना कपारीकडे ओढून घ्यायचं! दोर ठेचला नसता तर आमच्याकडे दोनच दोर असते. तिसरा दोर आम्हाला त्या दगडाने दिला होता.

मॅडमनी मला सक्ती केली नाही. सकाळी नाही म्हणालात तरी चालेल, दुसरं काहीतरी शोधू, एवढंच म्हणाल्या. त्या रात्री माथ्यावरच मी डोळे मिटून पडलो, झोप कसली लागते!

पहाटे दव होतं आणि बोटं आखडत होती. आम्ही वाट उतरून ओट्यावर आलो. पोळ्यांवर माश्या एकमेकींना बिलगून गप्प होत्या. मी हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचा दोराचा पट्टा, चढवला. पिशवीत सुरी, औषधं, पट्ट्या. गळ्यात शिट्टी: एक वाजवली की थांबा, दोन म्हणजे सोडा, तीन म्हणजे उजवीकडे ओढा. सरिता मुख्य दोरावर, मॅडम डाव्या हाताने जीवरक्षक दोरावर, सहादूबाबा उजव्या टोकाला. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी काठावर बसलो, आणि घसरलो.

हवा! पायाखाली काही नाही. दोर ताणला, उंबर करकरला. मी खडकावर आपटलो, फिरलो, पुन्हा आपटलो. दोन शिट्ट्या. दहा फूट. दोन शिट्ट्या. वीस फूट. उजवीकडे, डोळ्यांच्या कोपऱ्यात, ती काळी लोंबती पोळी. माझा श्वासही मोठा वाटायला लागला. पोळी वर गेली. सुटलो! ऐंशी फुटांवर एक शिट्टी, मग तीन. कमरेला झटका बसला आणि मी आडवा सरकू लागलो. एक हात. दोन हात. कपारीचा काठ बोटांना लागला. मी तो मिठीत घेतला.

आत उग्र घाण होती. पिल्लू अंग फुलवून फुसफुसलं आणि पोटातलं सगळं माझ्या छातीवर ओकलं. गिधाडाचं हे नेहमीचं शस्त्र. मी त्याच्या डोक्यावर फडकं टाकायला गेलो, तेवढ्यात त्याने पंख मारला. बैलाच्या शेपटीचा फटका बसावा तसा! माझा चष्मा उडाला आणि खाली गेला.

चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचं काही दिसत नाही. पाय होता, सूज होती, बाकी सगळा धूसर राखाडी गोळा. बारीक नायलॉनचा पारदर्शक धागा कुठे शोधणार? वर शिट्टी वाजवून सोडून द्या म्हणावं, असं मनात येऊन गेलं. मग मला आठवलं, की पंचवीस वर्षं मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेली वासरं फिरवतोय. तिथे कधी कोणाला दिसलंय?

मी डोळेच मिटले. चाचपडत पिल्लाच्या डोक्यावर फडकं टाकलं, त्याला डाव्या काखेत धरलं, उजव्या हाताची तर्जनी त्याच्या पायावरून फिरवली. खवले, सूज, ओल. मग खाच. खाचेच्या तळाशी ताठ, बारीक, तारेसारखं काहीतरी. नखाने ते उचललं, सुरीचं टोक त्याखाली सरकवलं, ओढलं. टक्‌! एक वेढा तुटला. दुसरा. तिसरा मांसात होता. तिथे मी पुष्कळ वेळ घेतला. पिल्लाचं काळीज माझ्या बरगड्यांवर थडथडत होतं आणि माझं त्याच्यावर. टक्‌!

जखम धुतली, औषध भरलं. उरलेला मांजा मुळीपासून कापून खिशात कोंबला. फडकं काढताच पिल्लू मागे सरलं, दोन्ही पाय टेकून उभं राहिलं आणि माझ्यावर आणखी एकदा फुसफुसलं. उन्हाची पहिली तिरीप वर पोळ्यांना लागत होती. मी कमरेचा तिसरा दोर सोडून दिला आणि दोन शिट्ट्या वाजवल्या. आणखी दोन. आणखी दोन.

गवत पायाला लागलं तेव्हा मी त्यावर उताणा पडलो आणि मोठ्याने हसायला लागलो. ते हसू वरपर्यंत ऐकू गेलं, असं नंतर कळलं.

तासाभराने तिघं वळसा घालून माचीवर आले. मॅडमनी फुगलेल्या हातानेच माझा हात धरला. आम्ही सगळे वर बघत बसलो; मला चष्म्याशिवाय नुसता धूसर कडा दिसत होता, काय चाललंय ते सरिता सांगत होती. आठ वाजता कड्यावरून एक मोठं गिधाड तरंगत आलं, दोन घिरट्या घेऊन कपारीवर उतरलं आणि पिल्लाला भरवू लागलं. त्या वयाचं घाबरट पिल्लू रात्रभर खोक्यात जगलं असतं का, आणि परत ठेवल्यावर आई-बापांनी त्याला जवळ केलं असतं का, याची मला आजही खात्री देता येत नाही. खोकं फुटलं म्हणून तो प्रश्नच उरला नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मॅडम हसल्या आणि सहादूबाबांना म्हणाल्या, पुढच्या मोहिमेला ओझी आम्ही वाहू, वाट तुम्ही आखायची. बाबांनी आधी भाकरी मागितली.

पायाची जखम भरेपर्यंत पिल्लू कपारीतच राहिलं. एकोणीस दिवसांनी सरिताने सगळ्यांना बोलावून घेतलं. समोरच्या टेकडीवर आम्ही चौघं पहाटेपासून बसलो होतो. नवाच्या सुमारास ऊन तापलं, दरीतून वारा वर चढू लागला. पिल्लू कपारीच्या काठावर आलं. पंख पसरले, मिटले, पुन्हा पसरले. आणि ते निघालं!

पहिले चाळीस फूट ते दगडासारखं पडलं. सरिताने माझं मनगट गच्च धरलं. मग पंखांत वारा भरला. पिल्लू वाकडंतिकडं हेलकावलं, एका बाजूला कललं, सावरलं, आणि दरीवरून रुंद गोल घेत वर, वर, आमच्याही वर गेलं. त्याची सावली आमच्या अंगावरून सरकली. पलीकडच्या सोंडेवर एक मोठा काळा धोंडा आहे. तिथे ते खाली आलं, धडपडत, पंखांचा पसारा आवरत.

मॅडमनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती.  मग त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बघा डॉक्टर. दोन्ही पायांवर उभं आहे."